आतून लागणारी कडी

बटणमावशीला तिच्या खऱ्या नावानं ओळखणारं आता विजेच्या बिलाशिवाय कोणी उरलं नव्हतं. निर्वासितांच्या दवाखान्यात ती केसपेपर काढायची. दारातून आत आलं की डाव्या हाताला काउंटर, काउंटरमागे लोखंडी कपाट, कपाटापुढे मावशी आणि मावशीपुढे बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा. डब्यात बिस्किटं नव्हती. नवीन आलेला माणूस आशेनं डब्याकडे बघायला लागला की मावशी झाकण उघडून म्हणायची, "घे बाबा, चावून बघ, दात पक्के असतील तर." आत बटणं होती, शेकड्यानं.

बटणं तिच्या नवऱ्याची. नवरा शिंपी, सगळे त्याला मास्तर म्हणायचे, बायकोसुद्धा. मास्तर गेले तेव्हा मागे एक मुलगा, एक शिलाई मशीन आणि हा डबा राहिला. मुलगा जहाजावर नोकरीला गेला, मशीन सुनेच्या खोलीत गेलं आणि डबा मावशीनं काखेत मारून दवाखान्यात आणला.

तिची पद्धत अशी. प्रत्येक पेशंटला एक बटण, आणि त्याच बटणाची जोडी केसपेपरच्या कोपऱ्यात दोऱ्यानं शिवलेली. पेशंटनं येऊन बटण काउंटरवर ठेवायचं, मावशीनं जोडी शोधून कागद काढायचा, आणि पाळी आली की हाक मारायची, "पितळी, आत जा! शिंपल्याचं, तुझ्या गोळ्या राहिल्यात इथेच, डोकं तरी बरोबर आणलंयस का?" एका म्हाताऱ्याला शर्टाच्या कॉलरचं बारीकसं बटण मिळालं होतं. तो रुसला. "माझा आजार काय एवढासाच आहे?" मावशीनं मुकाट्यानं त्याला कोटाचं बटण दिलं. डॉक्टरबाईंनी मध्यंतरी कॉम्प्युटर आणून दिला होता. मावशीनं त्यावर फडका घातला आणि फडक्यावर पाण्याचा जग ठेवला.

नियम एकच होता, आणि तो मोडायची कोणाची टाप नव्हती. बाकड्यांवर बसलेल्या लोकांसमोर कोणाचंही नाव घ्यायचं नाही.

याला कारण होतं. नऊ वर्षांपूर्वी, मावशी नोकरीला लागली त्याच महिन्यात, तिनं एका बाईला पूर्ण नावानं हाक मारली. एकदा नाही, दोनदा. मावशीचा घसा म्हणजे काय विचारता! मागच्या बाकड्यावर खोकल्याचं निमित्त करून एक माणूस बसला होता. त्यानं मान वर केली. त्या बाईनं त्याला पाहिलं, ती मलमपट्टीच्या खोलीत शिरली आणि तिथल्या मागच्या दारानं निघून गेली. चपला बाकड्याखाली तशाच राहिल्या. ती परत आली नाही. तिचं पुढे काय झालं कोणाला माहीत नाही. मावशीनं त्या दिवशी कानाला खडा लावला, आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आली. ते मागचं दारही तिनं त्या खोलीतलं कपाट सरकवून बंद करून टाकलं. याबद्दल तिला विचारायला जाऊ नका. आधी ती तुमच्यावर ओरडेल आणि मग उगाचच पाणी प्यायला आत जाईल.

आता हिरव्या बटणाची बाई. ही दोन वर्षांपूर्वी आली. काम देतो म्हणून एका ठेकेदारानं तिला सीमेपलीकडून आणलं आणि दोन वर्षं एका घरात कोंडून ठेवलं. तिथून ती निसटली, ती अंगावरच्या कपड्यांनिशी. पहिल्या तीन खेपांना तिनं मान वर केली नाही. मावशीनं डब्यात हात घालून अगदी तळातून काचेचं मोठं हिरवं बटण काढलं, मास्तरांनी कुणाच्या तरी ओव्हरकोटासाठी आणलेलं, आणि तिच्या तळहातावर ठेवलं. तेव्हा तिनं पहिल्यांदा मान वर केली. तिनं बटणाकडे बोट केलं, मग स्वतःकडे.

"तुझंच," मावशी म्हणाली. "मरेपर्यंत तुझं."

भाषा ती मावशीकडूनच शिकली, काउंटरला टेकून. त्यामुळे झालं असं, की तिला 'कशा आहात' म्हणता यायच्या आधी फर्मास रागावता यायला लागलं. एवढं सगळं सोसून ती गप्प बसली नाही. त्या ठेकेदारावर तिनं खटला भरला. साक्षीला ती एकटीच. तारीख मंगळवारची पडली होती. ती राहते कुठे हे फक्त डॉक्टरबाईंना आणि मावशीला ठाऊक होतं, कारण त्याची माणसं तिला शोधत फिरत होती.

त्या मंगळवारच्या आधीच्या शनिवारी जेवण होतं.

जेवण म्हणजे साधं नव्हे. दवाखान्यातल्या बायकांच्या विभागाला मिळणारी मदत महिनाअखेर बंद होणार होती. म्हणून समितीनं शाळेचं सभागृह घेऊन मोठ्या मोठ्या लोकांना जेवायला बोलावलं होतं. जेवा, ऐका आणि मदत करा. निर्वासितांचं आरोग्य आणि अत्याचारातून वाचलेल्या बायकांचे हक्क, असं निमंत्रणावर छापलं होतं. समितीच्या अध्यक्षीणबाई दोन महिने त्यापायी पायाला भिंगरी लावून हिंडत होत्या. बाई मनानं वाईट नव्हती, हीच तर सगळी पंचाईत होती. वाईट माणसाशी भांडणं मावशीला डाव्या हातचा मळ होता.

स्वयंपाक दवाखान्यातल्याच सात-आठ बायकांनी अंगावर घेतला. वीस टेबलांचे वीस पांढरे कपडे मावशीनं आणि सुनेनं मिळून शिवले. शनिवारी दुपारी दोघी ते कपडे टेबलांवर अंथरायला सभागृहात आल्या, तेव्हा छापखान्यातून आलेलं एक खोकं स्टेजच्या पायरीवर पडलं होतं. टेबलावर ठेवायची नावं असतील म्हणून मावशीनं ते उघडलं.

वीस जाड पुठ्ठे, उभे राहतील असे दुमडलेले. प्रत्येकावर एक चेहरा. शिंपल्याचं. पितळी. ती जुळ्या मुलांची आई. चेहऱ्याखाली नाव, पूर्ण नाव, वय, कुठून आली ते, आणि मग सहा ओळींत तिच्यावर काय गुदरलं ते सगळं. टेबलावर मीठ-मिरीच्या शेजारी ठेवायला! मावशीनं एक वाचला, दुसरा अर्धा वाचला, तिसरा वाचवेना.

"आई, इकडे या," सून स्टेजवरून म्हणाली. तिचा आवाज बदललेला होता.

स्टेजवर लाकडी घोडीवर एक मोठा फळा उभा होता, त्यावर निळं कापड आणि कापडाला ओढायची दोरी. सुनेनं कापडाचा कोपरा उचलून धरला होता. आत दाराएवढ्या कागदावर हिरव्या बटणाच्या बाईचा चेहरा होता. खाली नाव. खाली सगळी हकिकत, कोंडलेल्या घराच्या वर्णनासकट.

मावशीला राग आला. मावशीचा राग नाकावरच असायचा, पण हा तिथला नव्हता.

अध्यक्षीणबाई फुलं मोजून घेत होत्या. मावशी तिथे जाऊन उभी राहिली. "हे काय आहे?"

"सुंदर झालंय ना?" बाई म्हणाल्या. "माणसं चेहरा बघून देतात, मावशी. नुसत्या आकड्यांनी कोणाचं काळीज हलत नाही."

"हिची मंगळवारी साक्ष आहे."

"म्हणूनच तर! लोकांना कळायला नको?"

"लोकांना कळायच्या आत त्याला कळेल."

"अहो, इथे सगळी चांगल्या घरातली माणसं येणार आहेत."

"चांगल्या घरातच कोंडली होती तिला," मावशी म्हणाली.

अध्यक्षीणबाईंनी फुलं खाली ठेवली आणि पिशवीतून एक फाईल काढली. "हे बघा, मी कोणाला फसवलेलं नाही. फोटो आणि केसपेपरवरची माहिती वापरायला प्रत्येकीची लेखी परवानगी आहे. तुमच्याच काउंटरवर घेतलेली. आणि साक्षीदार म्हणून खाली सही कोणाची आहे, वाचा."

सही मावशीची होती.

नवीन पेशंटच्या गठ्ठ्यात आठ कागद असायचे. चार-पाच महिन्यांपूर्वी समितीकडून नववा आला, सगळ्यांच्या सह्या घ्या म्हणून निरोपासह. एक दिवस फोटो काढणाराही येऊन गेला, दवाखान्याचे फोटो म्हणून. मावशीनं नववा कागद गठ्ठ्याला लावला आणि जुन्या-नव्या सगळ्यांना सांगितलं, इथे सही कर, इथे कर, इथे पण कर, हात चालव, मागे रांग आहे. कागद बायकांना वाचता येत नव्हता, कारण तो त्यांच्या भाषेत नव्हता. मावशीला वाचता येत होता, आणि तिनं वाचला नव्हता. नऊ वर्षं ज्या तोंडानं एक नाव उच्चारलं नाही, त्याच्या शेजारच्या हातानं तिनं वीस नावं देऊन टाकली होती. तिला कुठेतरी बसावंसं वाटलं, पण ती बसली नाही.

डॉक्टरबाई पाण्याच्या बाटल्यांचं खोकं घेऊन मागे उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचे डोळे थकलेले. "मावशी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "एक संध्याकाळ आहे. विभाग बंद पडला तर या बायकांनी जायचं कुठे?"

"डॉक्टरबाई, पेशंटला न विचारता तुम्ही सुई टोचता का?"

डॉक्टरबाईंनी बाटल्यांचं खोकं खाली ठेवलं. अध्यक्षीणबाईंनी घड्याळ पाहिलं, "विषय संपला, मावशी," म्हणाल्या, आणि कपडे बदलायला घरी गेल्या.

विषय संपला म्हणे! मावशीशी विषय संपवायला मास्तरांनाही तीस वर्षांत जमलं नव्हतं.

"तुझ्याकडे सुई आहे?" तिनं सुनेला विचारलं.

"तुमच्या पिशवीत सुई नाही असा दिवस उगवलाय का कधी?"

पिशवीत सुई होती, आणि वर्षाअखेरीला केसपेपरचे गठ्ठे शिवायचं मोठं दाभण आणि सुतळीही होती. मावशीनं दाभण घेतलं. सुनेनं फळा धरला आणि मावशीनं ते निळं कापड फळ्याच्या चारी बाजूंनी मागे दुमडून असं आवळून शिवलं, की दोरी ओढून बैल जुंपला असता तरी ते निघालं नसतं. दुहेरी टाका, दर चार बोटांवर गाठ. "मास्तरांनी आयुष्यात एवढं पक्कं काही शिवलं नसेल," सून म्हणाली. मग दोघींनी वीसही पुठ्ठे उचलले, स्वयंपाकघराच्या मागे नेले, भांडी घासायच्या पिंपातल्या साबणाच्या पाण्यात बुडवले आणि वर भाताचं रिकामं पातेलं दाबून ठेवलं.

हिरव्या बटणाची बाई आत सूपसाठी कांदे कापत होती. मावशी तिच्याकडे आली ती छाती फुगवूनच. काय काय छापलं होतं ते सांगितलं, आणि आपण कसा बंदोबस्त केला तेही सांगितलं. "सगळं निस्तरलंय मी. तू आता मागच्या दारानं घरी जा. सून सोडेल तुला."

त्या बाईनं सुरी खाली ठेवली. "माझं नाव होतं?"

"होतं गं, पण आता…"

"काय झालं ते पण लिहिलं?"

मावशीनं मान हलवली. "आणि ऐक. परवानगीची सही मीच घेतली तुझ्याकडून. कागद न वाचता. चूक माझी आहे, त्या बाईंची नंतर."

तिनं हात ॲप्रनला पुसले. मावशीला वाटलं, रडेल. तिनं मिठी मारायला हातही थोडे पुढे केले होते.

"मागच्या दारानं का?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"त्या घरातून मी मागच्या दारानं. सीमेवरून रात्री, लपून. आता इथून पण मागच्या दारानं? मी काय चोर आहे?"

"अगं, तुझ्या भल्यासाठीच…"

"भल्यासाठी!" तिनं ओट्यावर असा हात आपटला की कांद्याच्या चकत्या उडाल्या. "त्या बाईनं पण भल्यासाठी केलं. तू पण भल्यासाठी. तिनं मला न विचारता उघडं केलं. तू मला न विचारता शिवून टाकलं! मला विचारणार कोण? हात चालव, मागे रांग आहे, हेच ना?"

सून मान खाली घालून पुटपुटली, "घ्या आई. शिकवणी तुमचीच आहे."

मावशी बटाट्यांच्या पोत्यावर बसली. तिला तो बाकड्याखालचा चपलांचा जोड आठवला, आणि आपण कपाट सरकवून बंद केलेलं दार आठवलं, आणि तेही आपण कोणाला न विचारताच बंद केलं होतं हे त्या क्षणी कळलं. खूप लाज वाटली. लाज वाटली म्हणून गप्प बसायची तिची रीत नव्हती, म्हणून तिनं विचारलं, "बरं. चुकले. आता विचारते. तुला काय पाहिजे?"

हा प्रश्न त्या बाईच्या सवयीचा नव्हता. "थांब," म्हणाली, सुरी उचलली, आणखी दोन कांदे कापले, डोळे दंडाला पुसले. मग तिनं सांगितलं. मावशी ऐकत राहिली, मध्ये एकदाही बोलली नाही.

संध्याकाळी पाहुणे आले. अध्यक्षीणबाई त्यांच्यासोबतच दारातून शिरल्या, आणि रिकामी टेबलं पाहून हसतमुखानं मावशीच्या कानाशी आल्या. "पुठ्ठे कुठे आहेत?"

"पाण्यात."

"कसल्या पाण्यात?"

"भांड्यांच्या."

पाहुण्यांसमोर बाईंना ओरडता येईना. चेहरा मात्र असा झाला की शेजारच्या पाहुण्यानं त्यांना खुर्ची दिली. पण फळा अजून होता ना! सूप वाढून झालं, बाई स्टेजवर गेल्या, चार शब्द फार चांगले बोलल्या, खरंच चांगले बोलल्या, आणि म्हणाल्या, "आता आपण एका धैर्याला भेटू." आणि दोरी ओढली.

कापड हललं नाही. बाईंनी पुन्हा ओढली. फळाच पुढे झुकला. तिसऱ्यांदा ओढली तेव्हा घोडी सरकून करकरली आणि मागच्या टेबलावर कोणीतरी हसलं.

"ओढू नका, पडेल अंगावर," मावशी पायऱ्या चढत म्हणाली. "ते शिवलेलं आहे. मी शिवलंय."

तिनं माईक हातात घेतला. माईकची तिला काही गरज नव्हती, पण घेतला. "आत एका बाईचा फोटो आहे, आणि तिचं सगळं दुखणं लिहिलंय. तिला कोणी विचारलं नव्हतं. कागदावर सही आहे, ती मी घेतली, तिला वाचता न येणाऱ्या भाषेत, मी स्वतः न वाचता. दवाखान्यात नऊ वर्षं मी नाव न घेण्याचा तोरा मिरवते, आणि हे माझ्याच काउंटरवर झालं. म्हणून कोणाला राग काढायचा असेल तर माझ्यावर काढा. जेवणावर काढू नका, बायका सकाळपासून राबल्यात."

"मावशी, पुरे झालं," अध्यक्षीणबाई दातओठ खाऊन म्हणाल्या. "खाली उतरा. सोमवारपासून तुम्ही…"

त्यांचं वाक्य अर्धंच राहिलं. सभागृहाच्या मुख्य दारातून हिरव्या बटणाची बाई आत आली होती. स्वयंपाकघराचं दार स्टेजच्या अगदी जवळ होतं. तिथून न येता ती बाहेर गेली होती, सगळ्या इमारतीला वळसा घालून समोरून आली होती, आणि ॲप्रन न सोडता टेबलांच्या मधल्या वाटेनं चालत होती. घाई अजिबात नव्हती.

तिनं मावशीच्या हातातून माईक घेतला. "तो फोटो माझा. नाव आज सांगणार नाही. तुम्हाला माझी गोष्ट पाहिजे. ती पण देणार नाही. ती माझी आहे. मंगळवारी कोर्टात देणार. तिथे तिचा उपयोग आहे, तिथे शिक्षा होते. इथे सूप आहे."

कोणाला हसावं की नाही ते कळेना.

"पण मला काय पाहिजे, ते विचारा. कोणी विचारत नाही."

मग दुसऱ्या टेबलावरचा एक टकला गृहस्थ घसा खाकरून म्हणाला, "काय पाहिजे, ताई?"

"कडी," ती म्हणाली. "दवाखान्यात बायकांना तपासायची खोली. दार आहे, पडदा आहे, कडी नाही. मी कपडे काढते, बाहेर माणसं खोकतात, माझं लक्ष दारावर. दोन वर्षं माझ्या दाराला कडी होती, बाहेरून. मला आतून पाहिजे. मी लावणार. मी उघडणार." तिनं बोटं मोजली. "मग, बायकांना तपासायला डॉक्टरबाई रोज पाहिजे, आठवड्यातून दोनदा नाही. मग, कागद माझ्या भाषेत. सही नंतर, आधी वाचणार. हे पाहिजे. याच्यासाठी पैसे द्या. माझ्यावर दया आली म्हणून नको, दया तुमच्याकडे ठेवा. आता जेवा, सूप थंड होतंय."

डॉक्टरबाई उभ्या राहिल्या. रडत होत्या, पण आवाज स्वच्छ होता. "त्या खोलीत मी सात वर्षं बायका तपासते आहे," त्या म्हणाल्या. "कडी नाही, हे मला आज कळलं." आणि खाली बसल्या.

दोन टेबलं गोड यायच्या आधी उठून गेली. त्यांना आपला अपमान झाल्यासारखं वाटलं, वाटू दे. बाकीचे बसले आणि त्यांनी पैसे दिले. अध्यक्षीणबाईंना हवे होते तेवढे मिळाले नाहीत, पण बायकांचा विभाग महिनाअखेर बंद पडला नाही. रोजची डॉक्टरबाई अजून मिळायची आहे. मावशीला समितीचं खुलासा मागणारं पत्र आलं. तिनं त्याच पत्राच्या पाठीवर लिहून पाठवलं, "नववा कागद गठ्ठ्यातून काढला आहे. बाकी आठ भाषांतराला दिले आहेत. पिंपाचं पाणी बदललं आहे. याउपर खुलासा नाही." तिला काढून टाकायचं धाडस कोणाला झालं नाही, कारण त्या कपाटातला एक कागद तिच्याशिवाय कोणाला सापडला असता तर शपथ.

आणि तो फळा? जेवण उरकल्यावर मावशीनं कात्री आणली आणि त्या बाईच्या हातात दिली. तिनं एकेक टाका स्वतः कापला. आपल्या चेहऱ्याकडे मान तिरकी करून पाहिलं. मग खालचा सगळा मजकूर कापून त्याचे बारीक तुकडे केले. वरचा भाग मात्र गुंडाळून काखेत मारला. "फोटो छान आलाय," म्हणाली. "घरी लावते." मावशी आणि सून हसून हसून खुर्चीवर बसल्या.

सोमवारी सकाळी तो टकला गृहस्थ पितळी कडी आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन स्वतः दवाखान्यात आला. अर्ध्या तासाच्या कामाला त्याला दोन तास लागले आणि एक स्क्रू तिरका बसला, पण कडी बसली.

मंगळवारी मावशी कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून राहिली. ती बाई कोर्टाच्या मोठ्या दारानं आत गेली आणि चार तासांनी त्याच दारानं बाहेर आली. चेहरा पांढराफटक पडला होता. "भूक लागली," म्हणाली. मावशीनं पिशवीतून केळी काढली. दोन खाल्ल्यावर तिनं सांगितलं, "तो खाली बघत होता. मी नाही." निकाल लागायला अजून वेळ आहे. तारखा पडतील. पण साक्ष झाली, पूर्ण नावानं झाली, आणि ती कोणालाही आता परत घेता येणार नव्हती.

बुधवारी दवाखाना गच्च भरला होता. ती आली आणि तिनं हिरवं बटण काउंटरवर ठेवलं. मावशीनं जोडी शोधून कागद काढला. बटण परत द्यायला लागली तर तिनं घेतलं नाही.

"ठेव तुझ्याकडे."

मावशीचा हात तसाच पुढे राहिला. "का गं? दवाखाना सोडतेस?"

"नाही. पाळी आली की हाक मार. नावानं."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"इथे. तो मला शोधत होता. मी काल त्याच्यासमोर उभी राहिले. आता कोणापासून लपू? तुझ्यापासून?"

मावशीनं बाकड्यांकडे नजर टाकली. एकेक चेहरा पाहिला, मागच्या बाकड्यापर्यंत. सगळे ओळखीचे होते. तरी तिनं पुन्हा एकदा पाहिलं. नऊ वर्षं! पाळी आली. मावशीनं खुर्ची मागे सारली, उभी राहिली, कागदावरचं नाव एकदा मनात वाचलं आणि दबक्या आवाजात हाक मारली.

ती बाई जागची हलली नाही. हाताची घडी घालून म्हणाली, "ऐकू नाही आलं. घसा कुठे गेला तुझा?"

बाकडी हसली. मग मावशीनं दोन्ही हात काउंटरवर टेकले आणि ते नाव, पूर्ण नाव, असं मोठ्यानं घेतलं की रस्त्यापलीकडच्या फळवाल्यानं मान वर केली आणि आत डॉक्टरबाईंच्या हातातलं पेन थांबलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. हवं असेल तर जाऊन तिला विचारा, वाटलं तर सांगेल.

"आले," ती म्हणाली. उठली, बाकड्यांच्या मधून तपासायच्या खोलीत गेली आणि तिनं दार लोटलं. मावशी उभीच होती, कान लावून. तिरक्या स्क्रूमुळे कडी जरा अडखळली, आणि मग आतून लागली.